पारधीची पिशवी आणि राघूची खुंटी

एका गावात एक भोळा पिशवीवाला होता. नाव बुधाजी. बुधवारी जन्मला म्हणून बुधाजी. बुद्धीचा त्या नावाशी काही संबंध नव्हता, आणि गावात कुणाचा तसा गैरसमजही नव्हता.

गाव डोंगराच्या पोटाशी. वर रान, खाली भुईमूग. रानडुकरांना वरून खाली यायला वाट विचारावी लागत नसे. एका रात्रीत अर्धं वावर उकरून जायची. म्हणून वर्षातून चार-पाच वेळा सगळं गाव पारधीला निघायचं. हाकारे डबे बडवत रान उठवायचे आणि पारधीचा म्होरक्या दौलतमामा ठासणीची बंदूक घेऊन वाटेवर दबा धरून बसायचा.

डुक्कर पडलं की खरं काम सुरू व्हायचं. पडल्या जागीच पोट फाडून आतडी काढायची, नाहीतर उन्हानं मटण नासतं. मग केस भाजायचे, तुकडे करायचे, मीठ चोळून पोत्यात भरायचं आणि गावात आणायचं. त्यासाठी एक पिशवी होती. जाड कापडाची, खांद्यावर टाकायची. तिच्यात दोन सुऱ्या, एक कोयता, धारेचा दगड, काथ्याचा दोर, मिठाची पुरचुंडी आणि चार धुतलेली पोती. हीच पारधीची पिशवी. ती भरायची, न्यायची आणि परत आणायची, हा बुधाजीच्या घराचा मान होता.

मान साधासुधा नव्हता. डुकराचं काळीज पिशवीवाल्याला, आणि गावाचे वाटे पडायचे ते पिशवीवाल्याच्या ओट्यावर. त्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या बायका हातात पातेली घेऊन बुधाजीच्या बायकोच्या, द्वारकीच्या दारात यायच्या. एरवी तिला ‘अगं ए’ म्हणून हाक मारणाऱ्या त्या दिवशी ‘द्वारकाबाई’ म्हणायच्या. द्वारकीला काळजापेक्षा हे बाईपण जास्त गोड लागायचं.

बुधाजीच्या बापानं तीस वर्षं पिशवी वाहिली. मरताना त्यानं लेकाला जवळ बोलावलं.

“बुधा, ही पिशवी दुसऱ्याच्या घरात जाऊ देऊ नगंस.”

“न्हाई जाऊ देत,” बुधाजी म्हणाला. बाप निवांत मेला. लेकाला ओळखत असता तर इतका निवांत मेला नसता.

पुढं पारधीचा दिवस ठरला. दौलतमामा बुधाजीच्या दारात आला.

“बुधा, परवा निघायचंय. पिशवी भरून ठेव. आन सुऱ्यांना पाणी पाज.”

आता सुरीला पाणी पाजायचं म्हणजे ती लोहाराकडं न्यायची. तो ती तापवतो, पाण्यात बुडवतो, धार कडक होते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बुधाजी शेंबडा नव्हता. त्यानं तांब्या भरून आणला, सुरी मांडीवर घेतली आणि तिच्या टोकाला तांब्या लावला.

“पी बाई.”

सुरी प्यायली नाही. द्वारकी भाकरी थापता थापता बघत होती.

“काय चाललंय?”

“मामानं पाणी पाजायला सांगितलंय. पीतच न्हाई.”

“तहान नसंल तिला,” द्वारकी म्हणाली. तिला वाटलं, नवरा चेष्टा करतोय, म्हणून तिनंही केली. बुधाजीला चेष्टा करता येत नसे आणि केलेली कळत नसे. त्यानं विचार केला, तहान लागेल तेव्हा पितील. दोन्ही सुऱ्या पाण्यानं भरलेल्या घागरीत सोडल्या आणि दोन दिवस घागरीवरचं झाकण काढलं नाही.

पारध झाली. डुक्कर पडलं. मामानं पिशवीत हात घातला. सुऱ्या गेरूत बुडवल्यासारख्या तांबड्या झाल्या होत्या.

“हे काय रं?”

“पोटभर प्यायल्यात मामा.”

सुरी काही चालेना, कोयत्यानं पोट नीट फाटेना. शेवटी राघू घरी पळत गेला आणि विळा घेऊन आला. हा राघू म्हणजे बुधाजीचा चुलतभाऊ. एकाच घराची वाटणी झालेली, मध्ये एकच मातीची भिंत. अलीकडं बुधाजी, पलीकडं राघू. पिशवीवर त्याचा डोळा बुधाजीचा बाप जिवंत असल्यापासून होता. विळा त्यानं असा मिरवत आणला जणू बंदुकीचा बार त्यानंच काढला होता.

मामा कडाडला. “आरं, लोखंडाला पाणी दाखवायचं न्हाई! तेल चोळायचं, फडक्यात गुंडाळायचं, मग पिशवीत घालायचं. कळलं?”

“कळलं.”

“कानाला खडा लाव. पुन्हा असं झालं तर पिशवी राघूच्या खुंटीला लागंल!”

आधी पाणी पाज म्हणतो, मग दाखवू नको म्हणतो. बुधाजीला वाटलं, मोठ्या माणसांचं असंच असतं. त्यानं ओढ्यातला एक खडा निवडला, दोऱ्यात बांधला आणि उजव्या कानाला लावला. राघूनं त्याच संध्याकाळी आपल्या बाजूच्या भिंतीवर खडूनं एक फुली मारली. खुंटी कुठं ठोकायची ते नक्की केलं.

पुढची पारध आली. बुधाजी पिशवी भरायला बसला. सुऱ्यांना तेल चोळलं, फडक्यात गुंडाळलं. मग कोयत्याला चोळलं, गुंडाळलं. इथवर सगळं ठीक होतं. पण मामा म्हणाला होता, तेल चोळायचं, फडक्यात गुंडाळायचं, मग पिशवीत घालायचं. पिशवीत अजून बरंच काही जायचं होतं. बुधाजीनं मिठाला तेल चोळलं. धारेच्या दगडाला चोळलं. मग दोर घेतला. दोर वीस हात लांब होता, त्याला अख्खी बुधली लागली.

“आवं, कढईत काय घालू आता?” द्वारकीनं विचारलं.

“दोर पिळून देऊ का थोडं?” बुधाजी म्हणाला.

या खेपेला डुक्कर दांडगं होतं. मामानं सुऱ्या काढल्या. लखलखीत, कोरड्या, गुंडाळलेल्या. मामा खूश झाला. “शाबास! बापाचा ल्योक शोभतोस.” मग पोट फाडायला सोपं जावं म्हणून डुक्कर जांभळीच्या फांदीला टांगायचं ठरलं. मागचे पाय बांधले, दोर फांदीवरून टाकला, चार गडी ओढायला लागले. राघूनं पुढंपुढं करत दोराचं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं.

डुक्कर वर गेलं, अगदी फांदीपर्यंत. आणि मग तेलकट दोर चौघांच्या मुठीतून सळसळत निघाला. डुक्कर खाली आलं, उतारावरून गडगडत ओढ्यात गेलं. त्याच्या मागून राघू गेला, कारण टोक त्याच्या कमरेला होतं.

दोघांना वर काढलं. पोट फाडलं. मीठ चोळायला घेतलं तर मिठाचे लाडूच वळले जायला लागले.

“आरं दोराला कुणी तेल लावतं का!” मामानं कपाळावर हात मारला. “दोराला गाठ लागते, गाठ! अशी बांधायची की ब्रह्मदेवाच्या बापाला सुटता कामा नये!”

“काय काय बांधायचं मामा?”

“समदं!” मामा रागाच्या भरात म्हणाला. “आन कानाला खडा लाव. पुन्हा असं झालं तर पिशवी राघूच्या खुंटीला लागंल!”

बुधाजीनं दुसरा खडा डाव्या कानाला लावला. राघू घरी गेला आणि अंगावरचं पाणी निथळायच्या आधी खैराचं लाकूड घेऊन खुंटी तासायला बसला.

तिसरी पारध. बुधाजीनं सुऱ्या फडक्यात घातल्या आणि सात गाठी मारल्या. मिठाच्या पुरचुंडीला नऊ. धारेच्या दगडाला चार, कारण तो कुठं पळून जाणार नव्हता. कोयता, पोती, समदं बांधलं. मग सगळं पिशवीत घातलं आणि दोरानं पिशवीचं तोंड आवळलं. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, दोर संपेपर्यंत. वरून पाणी शिंपडलं, म्हणजे काथ्या आवळून बसतो. पिशवीपेक्षा गाठ मोठी दिसायला लागली.

भर दुपारी डुक्कर पडलं. माणसं गोळा झाली. मामानं पिशवी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

“ही सोडायची कशी?”

“सुटायची न्हाई मामा. तुमच्या शब्दाबाहेर न्हाई मी.”

“सुरी आणा रं, कापू गाठ.”

“सुरी आत हाय,” बुधाजी म्हणाला.

“मग कोयता?”

“त्योबी आत. सुरीच्या खाली.”

कुणी दगडानं ठेचून पाहिलं, कुणी नखं मोडून घेतली. राघू दातानं गाठ सोडवायला बसला. गाठ राहिली, दात गेला. एक गडी गावातून विळा घेऊन येईतो दोन तास गेले. ऊन असं होतं की दगडावर भाकरी भाजावी. तोवर डुकराचं पोट फुगलं आणि वास यायला लागला. मामानं नाकाला धोतराचा सोगा लावला आणि सगळं जनावर खड्ड्यात पुरायला सांगितलं.

संध्याकाळी बायका पातेली घेऊन द्वारकीच्या दारात आल्या आणि रिकामी पातेली घेऊन परत गेल्या. त्या दिवशी कुणी ‘द्वारकाबाई’ म्हणालं नाही. ‘अगं ए’ सुद्धा म्हणालं नाही.

द्वारकी ओट्यावर बसून राहिली. ती भांडली असती तर बुधाजीला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मामंजींनी तीस वरसं सांभाळली ओ.” बुधाजीला पिशवी भरता येत नव्हती, पण द्वारकीचं तोंड उतरलेलं बघता येत नव्हतं ते त्याहून जास्त.

दौलतमामा दारात उभा होता. त्याचा रागही दमला होता.

“बुधा, तुझ्या बापाकडं बघून एक शेवटची पारध देतो. पिशवीचं तोंड मोकळं ठेवायचं. आन गाठ दिसली की आधी सोडायची! ध्यानात ठेव. कानाला खडा लाव. न्हाईतर पिशवी राघूच्या खुंटीला.”

बुधाजीनं तिसरा खडा आणला. पण दोन्ही कान भरलेले होते. मग त्यानं तो द्वारकीच्या कानाला लावला.

पलीकडं राघूनं फुलीवर भोक पाडलं आणि खुंटी ठोकली. चांगली हातभर आत ठोकली. तिला हळदकुंकू वाहिलं. अलीकडं भिंतीला भेग पडली आणि द्वारकीच्या आमटीत माती पडली.

शेवटच्या पारधीला पिशवी द्वारकीनंच भरली. नवऱ्याला ओसरीवर बसवलं आणि पिशवीला हात लावशील तर खबरदार म्हणाली. सुऱ्या लोहाराकडून पाणी पाजून आणल्या, पुसून कोरड्या केल्या, तेलाचा हात दिला. दोर कोरडा, मीठ कोरडं, पोती उन्हात वाळवलेली. सुऱ्यांसाठी तेलाची लहान बाटली, आणि शेवटी सगळ्यांना हात धुवायला म्हणून साबणाची एक वडी. तोंड मोकळं ठेवलं.

“आवं, तुमी फकस्त घेऊन जायचं. आपल्या मनानं काही करायचं न्हाई. मामा सांगतील तेवढंच करायचं.”

“तेवढंच करीन,” बुधाजी म्हणाला. आणि त्यानं तेवढंच केलं. घात झाला तो तिथंच.

त्या दिवशी रानातून काळ्या उठला. काळ्या म्हणजे गावाचा खरा वैरी. रेडकाएवढं डुक्कर, एक सुळा मोडलेला. अर्ध्या गावाचा भुईमूग एकटा खायचा. मामानं बार काढला. काळ्या धाडकन पडला. लोकांनी असा आरडाओरडा केला की डोंगरापलीकडच्या गावाला वाटलं इकडं लग्न लागलं.

काळ्याचे चारी पाय दोरानं बांधले, बांबूला अडकवून ओढ्याकाठच्या सावलीत आणून टाकला. इतक्यात पलीकडून हाकाऱ्यांची आरोळी आली. दुसरं डुक्कर उठलं होतं. मामानं बंदूक उचलली, जाता जाता पिशवीत डोकावला आणि थबकला. सगळं जिथल्या तिथं. मामाचे डोळे पाणावले.

“बुधा, आज बापाचं नाव राखलंस. आम्ही येतोय तवर तू ह्याला साफ करून ठेव. घाई करू नगं, पण नीट साफ कर. आत-बाहेर कुठं घाण ऱ्हाता कामा नये.”

“व्हय मामा.”

सगळे पळाले. बुधाजी आणि काळ्या दोघंच राहिले.

बुधाजीनं काळ्याकडं नीट पाहिलं. मामाचं खरं होतं. डुक्कर फारच घाण होतं. पाठीवर चिखलाचे पापुद्रे, कानात गोचिड्या. बुधाजीनं बाह्या सरसावल्या आणि साबणाची वडी काढली.

पोतं भिजवून भिजवून त्यानं काळ्याच्या अंगावर पाणी घातलं. साबण लावला. धारेच्या दगडानं टाचा घासल्या. मानेला, पोटाला, काखेत, सगळीकडं फेस केला. बाहेरून साफ झालं. आतून साफ कसं करायचं, याचा त्यानं थोडा विचार केला आणि शेपटी वर करून तिथंही साबण लावला.

आता मामाच्या गोळीची गोष्ट सांगायला हवी. ती काळ्याच्या कवटीला घासून गेली होती. काळ्या मेला नव्हता, त्याला घेरी आली होती. गार पाणी डोक्यावर पडल्यावर त्याचा एक कान हलला.

“तहान लागली व्हय?” बुधाजी म्हणाला. लोखंडाला पाणी दाखवायचं नसतं, पण हे लोखंड नव्हतं. त्यानं ओंजळीनं पाणी पाजलं. सुरीपेक्षा काळ्या शहाणा निघाला, घटाघटा प्यायला. मग बाटली काढून त्याच्या अंगाला तेल चोळलं. मग कोरड्या पोत्यात गुंडाळलं. एकही गोष्ट बुधाजी विसरला नाही. इतक्या दिवसांचं शिकणं आज एकदम कामाला येत होतं आणि त्याला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

एवढ्यात त्याची नजर काळ्याच्या पायांकडं गेली. तिथं गाठ होती.

गाठ दिसली की आधी सोडायची. बुधाजीनं जीभ चावली. आधी सोडायची ती शेवटी राहिली होती! त्यानं घाईघाईनं सोडली.

काळ्या उठून उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

“थांब, कान ऱ्हायलेत,” बुधाजी म्हणाला.

काळ्या थांबला नाही. बंदुकीला त्यानं जन्मभर तोंड दिलं होतं, साबणाशी मात्र पहिलीच गाठ होती. पाठीवर पोतं घेऊन, तेलानं चकाकत, तो खाली भुईमुगाच्या दिशेनं निघून गेला.

दुसरं डुक्कर काही मिळालं नव्हतं. मामा, राघू आणि बाकीचे घामाघूम होऊन परत आले.

“बुधा, काळ्या कुठाय?”

“साफ करून दिला मामा.”

“कुणाला दिला?”

“त्यालाच.”

चौघं झुडपांत काळ्याला शोधायला लागले.

“अंग ओलं व्हतं,” बुधाजीनं समजावलं. “वाळायला उन्हाला गेलाय.”

मामा खाली बसला. मग ओरडायचं सोडून अगदी हळू म्हणाला, “जा बुधा. आत्ताच्या आत्ता जा आन ही पिशवी राघूच्या खुंटीला लाव.”

बुधाजी पिशवी खांद्यावर टाकून निघाला. त्याला द्वारकीचं रिकामं अंगण दिसत होतं आणि बाप दिसत होता. मामाचा शब्द मोडायचा नाही. पिशवी राघूच्या खुंटीलाच लावायची. पण बाप म्हणाला होता, दुसऱ्याच्या घरात जाऊ देऊ नकोस. बापाचा शब्दही मोडायचा नाही. बुधाजी अर्ध्या वाटेत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःच्या डोक्यानं विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला.

पिशवी त्यानं आपल्या उंबऱ्यात ठेवली. राघूच्या घरात शिरला. खुंटीला दोन्ही हातांनी धरलं, भिंतीला पाय लावला आणि ओढली. येईना. अंगातलं सगळं बळ लावून ओढली.

खुंटी आली. तिच्या मागून भिंत आली.

धुरळा खाली बसला. पलीकडं द्वारकी चुलीपुढं बसलेली दिसली. हातात भाकरी, केसांत माती, कानाला खडा. बुधाजी मातीच्या ढिगावरून आपल्या घरात गेला, उंबऱ्यातली पिशवी उचलली, घरातला मोठा खांब गाठला आणि दगडानं त्यावर खुंटी ठोकायला लागला.

मामा आणि राघू धावत आले.

“आरं काय केलंस हे!” मामा ओरडला.

“राघूच्या खुंटीला लावतोय मामा,” बुधाजी म्हणाला. त्यानं पिशवी टांगली, मागं सरकून पाहिलं. “बाबाबी नाराज न्हाई, तुमीबी न्हाई.”

राघूनं एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा आपल्या घराकडं. दोन्ही आता एकाच खोलीत होती.

“मामा,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “दात गेला, खुंटी गेली, भिंत गेली. ह्याचा मान ह्यालाच लखलाभ. मला ही पिशवी सपनातबी नगं. कानाला खडा!”

हे मात्र बुधाजीला लगेच कळलं. तो खाली वाकला, एक चांगला मुठीएवढा निवडला आणि राघूच्या कानाला लावला. खड्यांना काही तोटा नव्हता, भिंतच पडली होती.